नाशिकच्या टॅपरूममध्ये एकट्याचं टेबल

बस नामपूरच्या स्टँडवरून हलली तेव्हा आप्पा, माझे वडील, मोटारसायकलवर तसेच बसून होते. गाडी बंद, एक पाय जमिनीवर. हात हलवून निरोप द्यायची आमच्या घरात पद्धत नाही. मी खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मध्ये उसाच्या रसाचा गाडा आला.

निघताना ते एवढंच म्हणाले होते, "माले त्यामातलं काही समजत नही. तू देखी ये, मंग तूच ठरव." (मला त्यातलं काही कळत नाही. तू बघून ये, मग तूच ठरव.) हे ते रागाने म्हणाले नव्हते. बारावीनंतर कोणती शाखा घ्यायची, तेव्हाही हेच म्हणाले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आप्पा कांद्याबद्दल, पाण्याबद्दल, बैलांबद्दल काहीही सांगू शकतात. पण सूक्ष्मजीवशास्त्र हा शब्द घरात आला की सगळे गप्प होतात, जणू कोणी परका पाहुणा आत आला आहे.

या वेळचा प्रश्न तर आणखी अवघड होता. सटाण्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या सरांनी नाशिकच्या एका छोट्या ब्रूअरीत माझ्याबद्दल शब्द टाकला. ब्रूअरी म्हणजे बिअर बनवायची जागा. परीक्षा झाल्यावर सहा महिने तिथे राहून काम शिकायचं, जमलं तर पुढे नोकरी. दुसरीकडे मामांचं नामपूरला शेतीच्या औषधांचं दुकान आहे, आणि तिथे माझी खुर्ची आत्तापासूनच ठेवलेली आहे. मामांना दुकानात बीएस्सी झालेला मुलगा हवा आहे. आईलाही तेच हवं आहे. ब्रूअरीचं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दारूच ना शेवटी?" मी किण्वन, यीस्ट वगैरे समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "पण दारूच ना?"

ब्रूअरी चालवणाऱ्या मृणाल मॅडमनी फोनवर एक अट घातली होती. "माझ्याकडे येणाऱ्या मुलांना बिअर आवडते, काम आवडत नाही. आठवड्यात पळून जातात. तू आधी शनिवारी दोन टॅपरूममध्ये गिऱ्हाईक म्हणून बस. एकटा बस, मित्रांना घेऊन नको. आपण कोणासाठी बनवतो ते बघ. रविवारी माझ्याकडे ये. आणि सोमवारी हो की नाही ते सांग."

टॅपरूम म्हणजे बिअर जिथे बनते तिथेच ती नळातून ग्लासात ओतून देतात ती बैठकीची जागा. बाटली नाही, पेटी नाही. आपल्याकडे उसाचा रस चरकासमोर उभं राहून पितात, काहीसं तसं.

देवळा गेलं, घाट गेला, चांदवड गेलं. पिंपळगावच्या आसपास द्राक्षबागा सुरू झाल्या. घड कागदात गुंडाळलेले होते आणि बागांमधून बायका वाकून चालत होत्या. माझ्या शेजारी देवळ्याला चढलेले एक काका बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठं निघालास?" मी म्हणालो, "नाशिकला. कंपनी बघायला." "कसली कंपनी?" मी म्हणालो, "बिअरची." ते हसले. "बघायला कशाला जातो, इथं मिळते की!" मग त्यांनी तोंडावर रुमाल घेतला आणि नाशिक येईपर्यंत झोपले.

पहिली टॅपरूम गंगापूर रोडला, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. आईने बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा मी आधीच स्टँडजवळच्या बाकावर बसून खाऊन घेतला होता. आत डबा उघडता येणार नाही एवढं मला समजत होतं. दारावरच्या दांडग्या माणसाने वय पाहायला आधार कार्ड मागितलं. पत्ता वाचून तो म्हणाला, "नामपूर? अरे, कांद्यावाले! भाव पाडा की जरा." मी म्हणालो, "आम्ही कुठं पाडतो, तो आपोआप पडतो." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. तो शनिवार बराच लांबणार होता, पण त्यात मला इतक्या मोकळेपणाने कोणी भेटलं नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

आतल्या मुलीने विचारलं, "किती जण?"

"एक."

"नंतर कोणी येणार आहे?"

"नाही."

तिने मला चौघांच्या टेबलावर बसवलं. समोर काचेपलीकडे उंच, चकचकीत टाक्या होत्या. फळ्यावर खडूने बिअरची नावं लिहिली होती: गव्हाची, काळी, आंब्याची, कडू. मी कोणतं घ्यावं या विचारात असताना वेटरनेच सॅम्पलर सुचवला. सॅम्पलर म्हणजे एका लाकडी फळीला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक छोटा ग्लास, प्रत्येकात वेगळी बिअर. सोबत मसाला पापड आणि शेंगदाणे आले.

मी प्यायलो का, हे वाचणाऱ्यांच्या मनात येणारच. थोडं थोडं चाखलं. आवडलं असं म्हणता येणार नाही. काळी बिअर जळालेल्या भाकरीसारखी लागली, आणि ती लागताच मला घरची आठवण आली, याचंच मला हसू आलं. कडू बिअरचा वास मात्र हिरवा होता, हातात चुरडलेल्या पाल्यासारखा. पुस्तकातून हॉप्स हा शब्द मी पाठ केला होता, बिअरला कडूपणा देणारी फुलं. त्याला वास असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

मग माझ्या हातून एक गोष्ट झाली. पापड मोडायच्या आधी मी शेजारच्या टेबलावर बसलेल्या जोडप्याकडे पाहून म्हणालो, "या." आपल्याकडे कोणीही खायला बसलं की समोरच्याला "या जेवायला" म्हणतो आणि समोरचा "होऊ द्या, होऊ द्या" म्हणतो. येत कोणीच नाही. पण म्हटल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. त्या मुलाने आधी मागे वळून पाहिलं, मग मला विचारलं, "सॉरी, आपण भेटलोय का?"

"नाही. मी असंच... पापड."

"नको, थँक्स. आम्ही ऑर्डर केलंय."

मुलगी त्याच्याकडे वाकून काहीतरी बोलली आणि दोघांनी खुर्च्या जरा तिकडे वळवल्या. त्यांचं काही चुकलं नाही. अनोळखी माणसाने आपल्या ताटातला पापड देऊ केला तर शहरात कोण घेईल?

गर्दी वाढत गेली. वाढदिवसाची एक मोठी मंडळी आली. त्यांच्यातल्या एकाने येऊन विचारलं, "ही खुर्ची घेऊ?" मी म्हणालो, "घ्या ना." थोड्या वेळाने दुसरा आला. मग एक मुलगी आली, तिने विचारलंही नाही, फक्त हसून खुर्ची उचलली. चौघांच्या टेबलाला माझी एकच खुर्ची उरली. समोर सगळी जागा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेपलीकडे लोक केक कापत होते. कोणी माझ्याशी वाईट वागलं नाही. तरी मी तिथे बसून सटाण्याच्या बसचं वेळापत्रक आठवत होतो. मामांच्या दुकानातली खुर्ची कोणी अशी उचलून नेली नसती, असंही मनात आलं.

दुसरी टॅपरूम सातपूरच्या कारखान्यांच्या भागात होती. रिक्षावाल्याला ती सापडेना. दोनदा एकाच गेटसमोरून नेल्यावर तो म्हणाला, "भाऊ, इथं नटबोल्ट मिळतील, बिअर नाही मिळणार." शेवटी वासावरून सापडली. उकडलेल्या धान्याचा गोड वास येत होता. पत्र्याची शेड, आत चार टेबलं, एका कोपऱ्यात टीव्हीवर कुठलातरी जुना सामना. गिऱ्हाईक एकच. साठी उलटलेले, इस्त्रीचा शर्ट, समोर एक ग्लास. नळावरचा मुलगा त्यांना वाघ काका म्हणत होता. याच भागातल्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले होते.

बराच वेळ आम्ही दोघेही टीव्हीकडे पाहत राहिलो. मग तेच म्हणाले, "आली नाही वाटतं?"

"कोण?"

"जिची वाट बघतोय ती."

"नाही हो काका, कोणी येणारच नव्हतं."

"मग चांगलंय. माझीही नाही येणार." ते हसले. "ती देवळात गेली की मी इकडे. घरी रिमोट माझ्या हातात नसतो."

मी कशासाठी आलो आहे ते त्यांना सांगितलं. आदल्या टॅपरूममध्ये कोणी विचारलं नव्हतं, म्हणून जरा जास्तच सांगितलं. यीस्ट, तापमान, स्वच्छता, सगळं. ते ऐकत होते. मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "काम चांगलं आहे. पण लग्नाच्या बोलणीत काय सांगशील? मुलगा दारू गाळतो?"

नळावरचा मुलगा फिदीफिदी हसला. "काका, बायोटेक सांगायचं!"

"तू गप रे. तुझं झालं का लग्न?"

"म्हणून तर माहितीय."

तेही हसले, मीही हसलो. पण तो प्रश्न मनात रुतून बसला. काकांनी तो चिडवायला विचारला नव्हता. त्यांनी पैसे दिले, खुर्ची नीट आत सरकवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विचार कर. मी तुझ्या घरचा असतो तर काहीतरी सांगितलं असतं." ते गेले आणि शेडमध्ये टीव्हीचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

मुक्काम सिडकोत मावसभाऊ योगेशच्या खोलीवर होता. तो दुपारच्या पाळीला गेलेला होता, किल्ली मीटरच्या पेटीत ठेवली होती. गॅसजवळ झाकून ठेवलेली खिचडी आणि मोबाईलवर एक निरोप: जेवून घे, मला उशीर होईल. मी जेवलो. भांडी घासली, त्याचीही घासली. आईचा फोन आला. "कसं वाटलं?" मी म्हणालो, "मोठं आहे सगळं." ती म्हणाली, "लोक कसे आहेत?" मी म्हणालो, "चांगले आहेत." दोन्ही खरं होतं आणि तरी मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी मिसळ खाल्ली. नाशिकला येऊन मिसळ खाल्ली नाही असं घरी सांगायची सोय नाही. पापड, दही, काळ्या मसाल्याचा तिखट रस्सा. रविवारची मिसळ लोक कुटुंबासकट खातात. मी एका सहा जणांच्या कुटुंबाच्या टेबलाच्या टोकाला बसलो. त्यांच्यातल्या आजीबाईंनी रश्श्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं, आणि पुढच्याच क्षणी नातवाला ओरडल्या. या वेळी मी "या" म्हणालो नाही. आता वाटतं, तिथे म्हणायला हवं होतं.

मृणाल मॅडमची ब्रूअरी शहर संपता संपता, धरणाच्या रस्त्याला आहे. मॅडम तिशीच्या पुढच्या, गुडघ्यापर्यंत गमबूट, डोक्याला रुमाल. मला पाहताच म्हणाल्या, "बोल, काय पाहिलंस?"

मी खुर्च्यांचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की आतून त्यांचा सहकारी डोकावून गेला. "आणि बिअरबद्दल?"

"काळी भाकरीसारखी लागली. जळालेल्या."

"बरोबर. माल्ट भाजलेलं असतं. ये आत."

त्या दिवशी नवी बिअर लागायची होती. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून गरम पाण्यात मुरत ठेवलं होतं. मॅडमनी झाकण उघडलं आणि वाफेबरोबर जो वास आला तो मला ओळखीचा होता. कुरडयांसाठी आई गहू भिजवते, वाटते, चीक शिजवते, तेव्हा अंगणात असाच वास असतो. मॅडमनी डावभर गोड पाणी काढून दिलं. यात अजून यीस्ट पडलेलं नव्हतं, म्हणजे ही अजून बिअर नव्हती. गरम, गोड, थोडं चिकट. त्या दोन दिवसांत मला मनापासून आवडलेलं हे पहिलंच पेय.

गोड पाणी काढून घेतल्यावर खाली ओला चोथा उरतो. तो न्यायला जवळच्या वस्तीवरून दत्तू आण्णा नावाचे गवळी पिकअप घेऊन येतात. त्यांच्या म्हशी तो खातात. मॅडमनी माझ्या हातात फावडं दिलं आणि त्या बॉयलरकडे गेल्या. बाहेर ताडपत्री अंथरलेली होती. मी चोथा काढला, ताडपत्रीवर टाकला आणि हाताने पातळ पसरायला लागलो. कडेपर्यंत नीट, एकसारखा. ओलं धान्य दिसलं की ते उन्हात पसरायचं, हे माझ्या हातांना लहानपणापासून माहीत आहे. हातांनी मला विचारलंच नाही.

दत्तू आण्णा पिकअपमधून उतरले आणि जागेवरच थांबले. "अय! काय चाललंय?"

"पसरतोय."

"वाळवतो काय? पापड करायचेत का त्याचे? म्हशींना वलाच लागतो तो, ड्रममध्ये भर पटकन. दुपारपर्यंत आंबतोय!" मग आत बॉयलरकडे तोंड करून म्हणाले, "मॅडम, हे कुठून आणलं?"

"नामपूरहून," मॅडम आतूनच ओरडल्या.

"तरीच! कांदे समजून पसरतंय."

मी लाजलो, पण मजाही वाटली. आण्णा फावडं घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि आम्ही दोघांनी मिळून सगळा चोथा पुन्हा गोळा केला. काम करताना ते म्हशींची नावं सांगत होते, कोणती लाथ मारते, कोणती या चोथ्याच्या ओढीने पिकअपचा आवाजही ओळखते. आदल्या दिवसापासून मी सतत स्वतःकडे पाहत होतो: कसा बसलोय, कसा दिसतोय, काय बोलू. तो चोथा भरताना ते थांबलं होतं. हे मला पिकअप निघून गेल्यावर समजलं.

त्यानंतर खरं काम सुरू झालं, म्हणजे धुणं. टाकी धुवायची, नळ्या धुवायच्या, फरशी धुवायची, पुन्हा टाकी. मॅडम म्हणाल्या, "हेच आहे. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर चाखत बसतो. आम्ही दिवसभर धुतो. आणि बहुतेक वेळ एकटेच असतो. टाक्यांशी काय बोलणार?"

"तुम्हाला एकटं नाही वाटत?"

"वाटतं ना. सोमवारी जास्त. टॅपरूम बंद असते." त्या नळीतून पाणी सोडत राहिल्या. "माझी आई अजून नातेवाइकांना सांगते, मी सरबताच्या कंपनीत आहे. मी आता दुरुस्त करत नाही."

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी विचारलं, "मॅडम, मी काय करू? येऊ का?"

त्यांनी नळ बंद केला. "ते मला विचारू नकोस. तूच ठरव."

शब्द जवळपास आप्पांचेच. पण आप्पा कळत नाही म्हणून सांगत नव्हते, आणि या सगळं कळत असून सांगत नव्हत्या. मला दुसऱ्या प्रकारचं जास्त लागलं. लहानपणापासून मी समजत आलो होतो की माझ्या घरात सांगणारं कोणी नाही, म्हणून मी अडतो. जिथे सांगणारी माणसं आहेत तिथे पोचलो की हे संपेल. ते तिथेही संपत नाही, हे मी ओल्या फरशीवर उभं राहून पाहत होतो.

दुपारच्या गाडीने निघालो. ओझर, पिंपळगाव, पुन्हा द्राक्षं, मग ती संपून कांद्याची रोपं. गाडीत मी मनातल्या मनात आप्पांना समजावून सांगायचा सराव करत होतो. पण बरेच शब्द आमच्या बोलीत नाहीत, आणि जे आहेत ते म्हणताच आई म्हणणार, दारूच ना?

नामपूरला उतरलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. आप्पा स्टँडवर होते. मोटारसायकलवर मागे बसलो. वाटेत मी बोलत राहिलो, त्यांच्या पाठीशी. जव कसे भिजतात, चोथा म्हशींना कसा जातो, मी तो कसा वाळत घातला आणि आण्णा काय म्हणाले. त्यावर त्यांचे खांदे हलले, म्हणजे ते हसले असावेत. मग धुण्याचं सांगितलं. दिवसभर धुवावं लागतं, म्हणालो. टाक्या, नळ्या, फरशी.

मळ्याच्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली. "एवढ्या टाक्या धोवाले पाणी कोठून लयतस त्या?" (एवढ्या टाक्या धुवायला पाणी कुठून आणतात ते?)

मला ते माहीत नव्हतं. दोन दिवस मी हॉप्सचा वास घेतला, लोकांच्या खुर्च्या पाहिल्या, लग्नाचा विचार केला, आणि पाण्याबद्दल एकदाही विचारलं नाही. आप्पांनी माझ्या शिक्षणाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"उद्या मॅडमना फोन करायचाय," मी म्हणालो. "विचारतो."

"इचारी ले," आप्पा म्हणाले (विचारून घे), आणि गाडी पुन्हा पळवली.

सोमवारी मी मॅडमना होकार कळवला आणि लगेच पाण्याचं विचारलं. "हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही," म्हणाल्या. "बोअर आहे. उन्हाळ्यात आटतं. मग टँकर."

आप्पा कांद्याला पाणी भरत होते. मी बांधावर जाऊन आधी पाण्याचं सांगितलं, मग होकाराचं. होकार त्यांनी ऐकला की नाही, कोण जाणे. वाफ्याच्या तोंडाशी असलेलं मातीचं दारं मोडून त्यांनी पाणी दुसऱ्या वाफ्यात घेतलं, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"तठेबी टँकर?" ते म्हणाले. (तिथेही टँकर?)

"हो ना."

"मंग बोअर किती खोल शे, ते नही इचारं?" (मग बोअर किती खोल आहे, ते नाही विचारलं?)

ते नव्हतं विचारलं. मी खिशातून फोन काढला.